बिनपाटीचं दुकान, वागळे इस्टेट: गाडीची बॅटरी सारखी उतरत असेल तर

या दुकानाला पाटी नाही, त्यामुळे फोनच्या नकाशावर शोधत बसू नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटात रोड नंबर 22 वर एका टायरवाल्याला लागून निळी ताडपत्री बांधलेली आहे. तिच्याखाली लाकडी बाकडं, बाकड्यावर उघडून ठेवलेले दोन-तीन डायनामो, भिंतीला वायरींची भेंडोळी, आणि प्लास्टिकच्या स्टुलावर जाड भिंगांचा चष्मा लावून बसलेले काका. हेच दुकान. मला तिथं एका रिक्षावाल्याने पाठवलं. त्याआधीच्या दीड महिन्यात बॅटरीपायी माझे जवळजवळ पाच हजार रुपये गेले होते आणि शेजाऱ्यांशी असलेले बरे संबंधही जायच्या बेतात होते.

आधी शेजाऱ्यांचं सांगते. आमची सोसायटी पाचपाखाडीत. जागा कमी म्हणून बिल्डरने स्टॅक पार्किंग दिलंय, म्हणजे खाली एक गाडी आणि वर लोखंडी फळीवर दुसरी. खालची बाहेर निघाल्याशिवाय वरची उतरत नाही. खालची माझी, वरची चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. एप्रिलमध्ये एका सकाळी सव्वासातला त्यांनी बेल वाजवली, मी गाऊनवर ओढणी घेऊन खाली गेले, किल्ली मारली, तर नुसतं टकटकटकटक. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उचलेना. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणून विझले. मग मी स्टेअरिंगवर आणि मागे वॉचमन, डॉक्टर, दूधवाला. माझ्या खालच्या जागेच्या कडेला लोखंडाची चार बोटं उंच पाळी आहे, तिच्यावरून गाडी ढकलून काढायला तिघांना सात-आठ मिनिटं लागली. डॉक्टर काही बोलले नाहीत. घाम पुसून घड्याळाकडे बघितलं फक्त. बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हता. 2015ची पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताने गिअर टाकायची, एमएच-04. बॅटरी चार वर्षं जुनी होती. आपल्या हवेत चार वर्षं म्हणजे तशी बऱ्यापैकीच झाली, म्हणून मी फार विचार न करता एका चकचकीत बॅटरीच्या दुकानात गेले. एसी, काचेचा दरवाजा, पाणी विचारणारा मुलगा. त्याने दोन चिमटे लावून एक छोटं यंत्र बॅटरीवर धरलं, त्यातून बसच्या तिकिटाएवढी चिठ्ठी निघाली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मॅडम, गेली." मी चिठ्ठी घडी करून डॅशबोर्डच्या खणात टाकली आणि 4,300 रुपये दिले. जुनीचे 600 वजा करून. ही चिठ्ठी लक्षात ठेवा.

नवी बॅटरीही चौथ्या दिवशी उतरून बसली.

दुकानाने नेली, चार्ज करून परत आणली, वरचा काचेचा डोळा दाखवला. "बघा, हिरवी आहे. ठणठणीत. टर्मिनल ढिलं असेल." टर्मिनल आवळलं. आठवड्याने परत तेच. या वेळी रविवार होता आणि डॉक्टरांना लग्नाला बदलापूरला जायचं होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काचेच्या दरवाजाआडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, की आता गाडीतच लीकेज आहे, म्हणजे बंद गाडीतही वीज कुठंतरी गळतेय, हे वॉरंटीत बसत नाही. बरोबर सांगितलं त्याने. फक्त हे वाक्य बॅटरी विकायच्या आधी सुचायला हवं होतं, इतकंच माझं म्हणणं.

मग एक गॅरेज झालं. तिथल्या पोराने बोनेट उघडून फ्यूज एकेक उपटला, परत लावला, दहा मिनिटांत हात पुसत म्हणाला, "वायरिंग ओके आहे. अल्टरनेटर चार्ज करत नसणार, बदलून टाका." अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डायनामो. त्याचे आठ हजार. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. हे वाक्य मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीही वापरते. फार उपयोगी वाक्य आहे.

घरी विचारण्यासारखं कोणी नव्हतं, कारण नवरा जहाजावर असतो आणि मुलगी परीक्षेनंतर मैत्रिणींबरोबर होती. त्यात मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. विद्युतधारा, विभवांतर, ओहमचा नियम, ॲमीटर नेहमी एकसर जोडणीत आणि व्होल्टमीटर समांतर, हे सगळं दरवर्षी चार बॅचना. आणि स्वतःच्या गाडीतली वीज कुठं जातेय ते मला सांगता येत नव्हतं. क्लासला यायला रिक्षा लागते म्हणणाऱ्या एका आईने नेहमीच्या रिक्षावाल्याला विचारलं आणि त्याने हा पत्ता दिला. वर म्हणाला, "वेळ काढून जा. बाबा लवकर सोडत नाय."

ते खरंच लवकर सोडत नाहीत. डॉक्टरांनीच त्यांच्या केबल लावून गाडी चालू करून दिली (शेवटचा काळा चिमटा माझ्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचा, ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं) आणि मी साडेदहाला ताडपत्रीखाली पोचले. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की इतक्या दिवसांत एकाने तो विचारला नव्हता.

"किती दिवस उभी राहिली की बसते?"

"तीन-चार दिवस."

"रोज फिरवली तर?"

"मग नाही बसत."

"मग बॅटरीला कशाला बोल लावता, ताई? टाकी रात्रीत रिकामी होते म्हणून टाकी बदलतात का? कुठला नळ गळतोय ते बघायचं. घाई आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, दुपारी क्लास आहे.

"मग दुपारपर्यंत बसा. घाई असेल तर नवीन बॅटरी घ्या, ती दहा मिनिटांत मिळते."

असं तोंड आहे. ज्यांना मॅडम-मॅडम ऐकायची सवय आहे त्यांनी मन घट्ट करून जावं.

पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे ह्याचेच दिले. त्यांनी माझी बॅटरी काढून आत चार्जिंगला लावली आणि दुकानातली भरलेली बॅटरी गाडीला जोडली. उतरलेल्या बॅटरीवर लीकेज मोजायचं नाही, म्हणाले, आकडा खोटा येतो. मीटरवर त्यांची बॅटरी 12.6 दाखवत होती. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असते तेव्हा साडेबाराच्या वरच असते, 12.2 म्हणजे अर्धी, आणि बरोबर 12 दिसले तर आपण खूश होतो पण तेव्हा ती पाऊणहिश्शाने रिकामी असते. हे मुलांना शिकवायला हवं. आम्ही पुस्तकात सरळ बारा लिहितो.

किल्ली मारताना आकडा 10.4 पर्यंत खाली आला आणि वर गेला. साडेनऊच्या खाली गेला असता तर गडबड होती. इंजिन चालू, 14.2. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावून पुन्हा बघितलं, 13.9. मीटरचं बटण एसी, म्हणजे प्रत्यावर्ती धारेच्या, व्होल्टवर फिरवून परत टोचलं, शून्य पॉइंट शून्य काहीतरी. अल्टरनेटरच्या आत डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने सोडणारे भाग, असतात, त्यांतला एखादा फुटला की बंद गाडीतही बॅटरीतला करंट उलटा तिथून गळतो, आणि चालू गाडीत इथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसतो. "डायनामो चांगलाय तुमचा. कोणी बदला म्हणालं का?" मी म्हटलं, हो, आठ हजार. काका हसले नाहीत. भाच्याकडे बघून म्हणाले, "ऐकतोयस ना?"

भाचा एकोणीस-वीसचा, ग्रीस लागलेल्या टीशर्टातला. त्याने लगेच मीटर घेतला आणि फ्यूज बॉक्सकडे हात नेला. काकांनी हातावर चापट मारली. आधी त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याच्या लॉकची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलली, म्हणजे गाडीला वाटावं दार बंद आहे. बोनेटचा स्विच एका चिंधीने दाबून बांधला. मग मीटरची लाल पिन 10 ॲम्पिअरच्या भोकात घातली, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटाला, दुसरं मायनसच्या केबलला, आणि दोन्ही टोकं धरून ठेवत केबलचा क्लॅम्प हळूच वर उचलला. संपर्क एक क्षणही तुटू दिला नाही. तुटला असता तर गाडीतले कॉम्प्युटर पुन्हा जागे झाले असते आणि सगळं पहिल्यापासून. आता गाडीला जाणारी सगळी वीज त्या मीटरमधून जात होती. एकसर जोडणी! मी चक्क मोठ्याने म्हटलं. भाचा दचकला.

"आता किल्लीला हात लावायचा नाय," काका म्हणाले. "सेल्फ दीड-दोनशे ॲम्पिअर ओढतो. मीटर दहाचा आहे. यानं दोन मीटरचे फ्यूज खाल्लेत."

आकडा होता 2.1. मला वाटलं, सापडलं! काका स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी चहा सांगितला.

"काका, दोन ॲम्पिअर जातायत."

"गाडी जागी आहे अजून. तुम्ही दिवा घालवल्या घालवल्या झोपता का?"

चहा आला, कटिंग, आल्याचा. टायरवाल्याकडे कोणीतरी हवा भरून गेलं. आकडा 0.9 झाला आणि तिथंच थबकला. पंधरा मिनिटांनी खटकन काहीतरी वाजलं आणि आकडा अर्ध्यावर आला. काकांनी तिकडे बघितलंही नाही. साधारण चाळीस मिनिटांनी ते उठले, चष्मा कपाळावर सरकवून मीटरच्या अगदी जवळ गेले. 0.38. दोन मिनिटं उभे राहिले. 0.38च.

"हां," म्हणाले. "आता बोला."

त्या गॅरेजातला पोरगा दहा मिनिटांत सगळे फ्यूज उपटून मोकळा झाला होता, तेव्हा गाडी झोपलीसुद्धा नव्हती. झोपलेल्या गाडीत फ्यूज उपटला की एखादा कॉम्प्युटर जागा होतो आणि मोजमाप बिघडतं, म्हणून काका फ्यूज उपटतच नाहीत. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांना टोचायचं. फ्यूजमधून करंट जात असेल तर त्या इवल्याशा पट्टीच्या दोन टोकांत थोडं तरी विभवांतर दिसणारच. विभवांतर बरोबर धारा गुणिले रोध. पंचवीस वर्षं हे सूत्र फळ्यावर लिहितेय, ते असं कामाला आलेलं पहिल्यांदा बघितलं.

एकेक करत सगळे टोचले. सगळीकडे जवळजवळ शून्य. आतला फ्यूज बॉक्स, स्टेअरिंगच्या खालचा, तोही शून्य. मीटरवर 0.38 तसाच चमकत होता आणि वीज कुठूनच जात नव्हती. मला हसू यायला लागलं. काका मात्र खूश झालेले दिसले. त्यांनी बॅटरीच्या प्लस टर्मिनलवरचं लाल प्लास्टिकचं झाकण उचललं, बोटाने एकेक वायर बाजूला केली, आणि एका लाल वायरला चिमटीत धरलं. ती कंपनीची नव्हती. बाकीच्या वायरी काळ्या नळीत गुंडाळलेल्या, ही उघडी, चकचकीत, मध्ये फ्यूजची काचेची डबी, आणि पुढं इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातल्या रबराला भोक पाडून आत गेलेली.

"ही कुणी टाकली?"

त्या डबीतला फ्यूज त्यांनी काढला. मीटर 0.02.

सगळं ताबडतोब आठवलं. गेल्या दिवाळीच्या ऑफरमध्ये मुलीच्या हट्टापायी टचस्क्रीनचा स्टिरिओ बसवला, त्यावर सीटखालचा वूफर, म्हणजे धडधडत्या आवाजाचा स्पीकर, सवलतीत. वूफरला जास्त करंट लागतो म्हणून त्याची वायर फ्यूज बॉक्समधून न घेता थेट बॅटरीवरून आणतात, त्यात गैर काही नाही. पण वूफरला जागं कधी व्हायचं ते सांगणारी एक बारीक निळी-पांढरी वायर असते, तिला रिमोट म्हणतात. स्टिरिओ चालू झाला की त्याने तिच्यावर बारा व्होल्ट द्यायचे, बंद झाला की काढून घ्यायचे. बसवणाऱ्याने ती स्टिरिओच्या पिवळ्या वायरला पिळून टेप मारली होती. पिवळी म्हणजे चोवीस तास चालू, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. थोडक्यात वूफरला सहा महिने कोणी झोप म्हणून सांगितलंच नव्हतं.

काकांनी फ्यूज परत लावला, थोडा वेळ थांबले आणि मला आत वाकून डाव्या सीटखाली हात घालायला सांगितलं. वूफरची पेटी कोमट होती. बंद गाडी, बंद स्टिरिओ, आणि हाताला चहाच्या रिकाम्या कपाएवढी ऊब. कोपऱ्यात पायपुसण्याच्या कडेखाली लाल दिव्याचा ठिपका. मी मनात गुणाकार केला, 0.38मधून 0.02 वजा, उरलेले 0.36 गुणिले साडेबारा, साडेचार वॅट. देवघरातल्या नाइट लॅम्पएवढं. गेले सहा महिने माझ्या गाडीत सीटखाली एक नाइट लॅम्प रात्रंदिवस जळत होता. आणि सासूबाई, ज्या नेहमी मागे बसून चपला काढून पाय पुढच्या सीटखाली सरकवतात, त्या दोनदा म्हणाल्या होत्या, "अगं, इथं पायाला गरम लागतं." मी म्हटलं होतं, आई, मे महिना आहे.

हिशेब एकदम जुळला. 0.38 ॲम्पिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला नऊ ॲम्पिअर-अवर. माझी बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांत सत्तावीस गेले, उरलेल्या आठात सेल्फ काय उचलणार? मार्चपर्यंत हे कळलं नाही कारण मुलीला ऐरोलीला सोडायला-आणायला रोज दोन फेऱ्या व्हायच्या, कळवा-विटाव्यावरून, आणि तेवढ्यात अल्टरनेटर रात्रीची तूट भरून काढायचा. परीक्षा संपली, फेऱ्या थांबल्या, गाडी उभी राहायला लागली आणि बॅटरी बसायला लागली. मला वाटलं म्हातारी झाली. दिवाळी आणि एप्रिल यांचा संबंध कोण लावणार?

उरलेल्या 0.02चं काय, असं मी विचारलं. ते चालायचंच. सेंट्रल लॉक, घड्याळ, इंजिनच्या कॉम्प्युटरची आठवण, एवढं प्रत्येक गाडी खाते. 0.05च्या आत असेल तर झोपा, म्हणाले.

मग स्टिरिओ बाहेर काढणं, खरी निळी-पांढरी वायर शोधणं, पिळलेला जोड कापून डाख देणं, त्यावर स्लीव्ह चढवून लायटरने आवळणं, यात तास गेला. हे भाच्याने केलं आणि नीट केलं. काका मागून सूचना देत होते, त्यातल्या निम्म्या अनावश्यक होत्या. स्टिरिओ सुरू करून वूफर वाजवून दाखवला, बंद करून परत गाडी झोपवली, परत तीच अर्ध्या-पाऊण तासाची वाट. 0.02. माझ्या क्लासची मुलं तोपर्यंत दारात येऊन परत गेली होती.

बिल 800. शोधण्याचे 500, चार्जिंगचे 150, जोडणीचे 150. बॅटरी मात्र त्या दिवशी दिली नाही. हळूहळू भरली पाहिजे, तीन-चार ॲम्पिअरवर रात्रभर, घाईने तापवून नाही, म्हणून दुकानातली बॅटरी लावून मला घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं. अनामत मागितली नाही. फोन नंबर लिहून घेतला तोही बाकड्यावर खडूने. तीन वेळा तळापर्यंत उतरल्यामुळे नव्या बॅटरीचं आयुष्य थोडं घटलंच असणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर बसलेलं सल्फेट कडक होतं आणि मग ते चार्ज करूनही पुरतं निघत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवून घेताना डॅशबोर्डच्या खणात सुट्टे पैसे शोधत होते तेव्हा ती चिठ्ठी हाताला लागली. एसी दुकानातल्या यंत्राची. उन्हाने अक्षरं पुसट झाली होती, पण वाचता येत होती. जुन्या बॅटरीचे 11.98 व्होल्ट, आणि खाली निकाल, इंग्रजीत, ठळक: गुड, रीचार्ज. म्हणजे बॅटरी चांगली आहे, चार्ज करा. मला हातात देऊन ज्याने "गेली" म्हणून सांगितलं त्याच्या यंत्राने "चांगली" म्हणून लिहून दिलं होतं. आणि मी, जी पोरांच्या उत्तरपत्रिकेत एककं लिहिली नाहीत तर अर्धा मार्क कापते, ती मी न वाचता घडी करून ठेवली. त्या बॅटरीवाल्याचा राग आहेच. पण निम्मा राग कुणावर आहे ते सांगायला नको. तुम्हाला अशी चिठ्ठी मिळाली तर काउंटरवरच वाचा. आणि तो हिरवा डोळा दाखवतात ना, तो सहा कप्प्यांपैकी एकाच कप्प्यातलं सांगतो. बाकीच्या पाचांत काय चाललंय त्याला काही माहीत नसतं.

आता तक्रारी. एक, उभी करायला जागा नाही. मला गाडीची दोन डावी चाकं टायरवाल्यासमोरच्या फूटपाथवर चढवून ठेवावी लागली आणि टेम्पोवाले हॉर्न मारत होते. दोन, फोन केला तर उचलत नाहीत, उचलला तर "या" एवढंच म्हणतात, आणि गेल्यावर समोर दोन गाड्या आणि एक शाळेची व्हॅन उभी असते. तीन, पक्कं बिल नाही. वहीचा कागद मिळतो. यूपीआय चालतं, पण क्यूआरचा कागद टायरवाल्याकडे चिकटवलेला आहे आणि पैसे टायरवाल्याच्या खात्यात जातात, त्यांचा आपसात काय हिशेब असेल तो असो. चार, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, तीन तास बसायचं असेल तर हा मोठा मुद्दा आहे. मी चालत जाऊन एका ओळखीच्या ऑफिसात सोय केली. पाच, अगदी नव्या गाड्यांना, ज्यांत इंजिन सिग्नलला आपोआप बंद पडतं आणि बॅटरी बदलली की गाडीच्या कॉम्प्युटरला कळवावं लागतं, त्या ते हात लावत नाहीत. "तुमच्या कंपनीत जा," असं स्वतःच सांगतात. याला मी तक्रार म्हणावं का कळत नाही.

एवढं झाल्यावर मी स्वतःसाठी मीटर घेतला. स्टेशनजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, 650 रुपये. आधी तिथल्या मुलाने मला चिमट्याचा क्लॅम्प मीटर दाखवला होता, वायर न तोडता नुसतं कवेत घेऊन करंट मोजणारा. फार मोह झाला. पण नीट बघितलं तर करंटच्या खुणेसमोर नुसती नागमोडी रेघ होती, सरळ रेघ नव्हती. स्वस्त क्लॅम्प फक्त घरातल्या विजेचा, म्हणजे एसी करंट मोजतात, बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा डीसी त्यांना दिसतच नाही. डीसी मोजणारे क्लॅम्प असतात, पण बरेच महाग. घेणार असाल तर ती सरळ रेघ बघून घ्या. माझा साधा मीटर आता क्लासमध्येही वापरते. काकांचा भाचा यंदा 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, दहावीला बसतोय असं कळलं, म्हणून जुनी विज्ञानाची दोन्ही पुस्तकं देऊन आले. म्हटलं, विद्युतधारेचा धडा तुला नुसता चाळला तरी चालेल.

परवा मुद्दाम गाडी सहा दिवस हलवली नाही. डॉक्टर गावाला गेले होते, तेव्हा प्रयोगाला हरकत नव्हती. सातव्या दिवशी बोनेट उघडून मीटर लावला, 12.5. किल्ली मारली, पहिल्या झटक्यात चालू.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. जाताना पाण्याची बाटली न्या, वाचायला काहीतरी न्या, आणि गाडीत नंतर बसवून घेतलेल्या सगळ्या वस्तू, म्हणजे कॅमेरा, ट्रॅकर, स्टिरिओ, हॉर्न, आधीच कागदावर लिहून न्या, पहिला प्रश्न झाला की दुसरा तोच असतो. एक ते दोन जाऊ नका. तेव्हा ते जेवतात, आणि जेवताना मीटर समोर धरला तरी बघत नाहीत.